डाव्या बाजूचं बेअरिंग

स्टँडच्या अलीकडे रस्ता खोदून ठेवलेला आहे. तिथं मी मोटरसायकल हळू केली, पहिला गिअर टाकला, आणि मागं बसलेली अक्का म्हणाली, "दाजी, मागं काहीतरी बोलायलंय बगा."

पुढं उसाची रिकामी ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर आडवा होता, त्याला वाट दिली, स्टँडच्या दारात अक्काला उतरवलं, तिची पिशवी हातात दिली. जिंतूरची बस लागलेलीच होती. अक्का चढली, खिडकीतून तिनं हात केला, मीही केला. बस निघून गेली तरी मी तिथंच होतो. मागून एक रिक्षावाला म्हणाला, "आप्पा, गाडी बाजूला घ्या की, दारात काय मूर्त मांडलीय का?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी दारातच उभा आहे.

अक्का म्हणजे नर्मदाबाई, माझ्या बायकोची, महेश्वरीची, थोरली बहीण. जिंतूरच्या वाटेवर झरीला मुलाकडं, रुद्रेशकडं असते. महेश्वरी गेल्यापासून अधूनमधून येते, डबे उघडून बघते, पिठात किडे झाले का ते पाहते, चार भाकरी थापून ठेवते आणि परत जाते. महेश्वरीनंतर माझ्या गाडीवर मागं बसलेली ती पहिलीच बाई. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. महेश्वरी बहिणीला असलं काही सांगेल असं मला वाटत नाही, सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच. पण शब्द महेश्वरीचेच आले. आवाज येतोय असं अक्का म्हणाली नाही, खडखडतंय असंही म्हणाली नाही, बोलायलंय म्हणाली. सोनपेठला त्यांच्या माहेरी दळायचं जातं होतं. दळताना गप्पांच्या नादात दाणे घालायचं राहिलं आणि दगडावर दगड फिरायला लागला की त्यांची आई, नागुबाई, परसातून ओरडायची, "पोरींनो, जातं बोलायलंय, घास घाला." हे मला महेश्वरीनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. आईची नक्कलही करून दाखवली होती, कमरेवर हात ठेवून. म्हणजे कोरडं कोरड्यावर फिरतं त्याला त्यांच्या घरात बोलणं म्हणतात, हे मला माहीत होतं. माहीत असून मी ते त्या वेळी जोडलं नाही. ती म्हणाली, "अवो, मागं काहीतरी बोलायलंय," आणि मी म्हणालो, "तूच बोलायलीस." मला तो मोठा विनोद वाटला होता.

घरी आलो आणि गाडी मधल्या स्टँडवर लावली. मागचं चाक हातानं फिरवलं. चाक गुपचूप फिरलं. कान जवळ नेला तर साखळीचा बारीक आवाज तेवढा आला, तो असतोच. मी खाली बसलो, चाक वरून आणि खालून धरून हलवून बघितलं. हलतंय असं वाटलं, मग वाटलं माझाच हात हलतोय. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, त्यामुळं डोळ्यांवर माझा भरवसा राहिलेला नाही आणि आता हातांवरचाही कमी झालाय. धनश्री, माझी मुलगी, पुण्याहून रोज फोन करते. तिचं म्हणणं, पप्पा आता गाडी बंद. मी हो म्हणालो. माझा हो इतक्या लवकर येईल असं तिला वाटलं नसावं. गाडी रुद्रेशला द्यायची ठरली. त्याला झरीहून शेताकडं जायला-यायला होईल. तो दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होता. म्हणजे माझ्याकडं एक सकाळ होती. मला चाकात काय आहे ते बघायचं होतं. महेश्वरी म्हणत होती ते खरं होतं का, एवढंच. एकदा गाडी झरीला गेली की मग ते कुणी बघणार नाही, आणि बघितलं तरी कशासाठी बघायचं ते त्याला माहीत नसणार.

बन्सीधर मेकॅनिककडं गेलो असतो तर तासाभरात काम झालं असतं. पण त्याच्याकडं जाणं मला नको होतं. त्या वेळी मी महेश्वरीला घेऊन त्याच्याकडंच गेलो होतो. आम्ही सोनपेठहून परतत होतो आणि ती वाटेत दोनदा-तीनदा म्हणाली होती. गाडी नवी नव्हती पण चांगल्या चालीची होती. मी किराणा दुकानदार, पण गाडीचं ऑइल, साखळी, ब्रेक, सगळं स्वतः करायचो, आणि माझ्या गाडीला कुणी काही बोललं की मला ते लागायचं. दुकानातल्या तुरीला कुणी खडा आहे म्हटलं तरी इतकं लागायचं नाही. म्हणून रागानंच गाडी बन्सीधरच्या दुकानासमोर उभी केली. म्हणालो, "हिला आवाज येतोय म्हणे. बघ बाबा तूच." बन्सीधरनं गाडीवर टांग टाकली, चौकापर्यंत जाऊन वळसा घालून आला. उतरला आणि म्हणाला, "आप्पा, मख्खन चालायलीय. वैनी, तुमी एसटीनंच जात जा, एसटीत एवढा आवाज असतो की बाकीचे सगळे आवाज बंद." दुकानात बसलेले दोघे-तिघे हसले. मी हसलो. महेश्वरी फळीच्या कडेला पिशवी धरून उभी होती, तीही हसली. घरी येताना मी विचारलं, "आता येतंय का?" ती म्हणाली, "न्हाई." मी म्हणालो, "बघ." तुला भास होतो, असंही म्हणालो.

त्यानंतर ती सोनपेठला एसटीनं जायला लागली. भांडण झालं नाही, रुसवा नाही. "तुमी दुकान सोडून कुठं येताव, मी जाते बसनं," असं म्हणून सकाळची बस धरायची. मला ते सोयीचंच होतं. एखाद्या वेळी मीही निघालोच तर मी गाडीवर आणि ती बसनं, असं आम्ही एकाच गावाला वेगवेगळे जायचो. गंगाखेडच्या पुढं कुठंतरी मी बसला मागं टाकायचो, हॉर्न द्यायचो, आणि ती खिडकीतून बघायची. मला त्यात गंमत वाटायची. खिडकीतून बघणारीला काय वाटायचं ते मी विचारलं नाही. आता मनात ते हॉर्न येतात, एकेक करून येतात, आणि मला जेवण जात नाही.

संध्याकाळी स्टेशन रोडला स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन मागच्या चाकाची दोन बेअरिंगं घेतली. दुकानदार ओळखीचा. म्हणाला, "घरीच काढणार? मग पुलर न्या माझा. उद्या आणून द्या." मी म्हणालो, "कशाला? ठोकून काढतो. जुनं फेकूनच तर द्यायचंय." तो म्हणाला, "तुमची मर्जी, आप्पा. शौक हाय तुमाला." पुलर हे हत्यार बेअरिंगला आतून धरतं आणि स्क्रू फिरवत फिरवत हळूहळू वर ओढतं, मार न बसता. माझ्याकडं तसलं कधीच नव्हतं. मी आजवर जे काढलं ते सळई आणि हातोड्यानं काढलं, आणि त्याचा मला अभिमान होता. तेव्हाही मी अभिमानानंच नको म्हणालो. दुकानातून बाहेर पडलो तेव्हा काहीतरी चुकल्यासारखं वाटलं होतं, पण काय ते कळलं नाही. मला वाटलं पिशवी विसरली. पिशवी हातात होती.

नवी बेअरिंगं पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवली. गार झालं की लोखंड किंचित आवळतं, आणि चाकाचा मधला गड्डा गरम केला की तो किंचित फुगतो. मग बेअरिंग फार न ठोकता बसतं. फ्रीजरमध्ये ओल्या तुरीच्या दाण्यांचा डबा होता. तो महेश्वरीनं भरलेला. हिवाळ्यात ती शेंगा आणून ओट्यावर बसून सोलायची, पावसाळ्यात आमटीला होतात म्हणून. अक्कानं प्रत्येक खेपेला तो डबा बघितलेला आहे आणि एकदाही बाहेर काढलेला नाही. मीही काढलेला नाही. बेअरिंगं ठेवायला जागा करताना तो सरकवावा लागला. बर्फानं तळाला चिकटला होता. मी सुरीनं सोडवला, थोडा बाजूला केला, आणि लोखंड त्याच्या शेजारी ठेवलं. तेव्हा ती असती तर ओरडली असती. अन्नात बेअरिंगं ठेवायलाव का, असं म्हणाली असती, आणि मी म्हणालो असतो, पिशवीत आहेत. या बाबतीत मी खरा ठरलो असतो.

सकाळी पूजा आटोपून अंगणात पोतं अंथरलं. साखळीचं कव्हर काढलं, ब्रेकचा रॉड सोडला, एक्सलचा नट सोडून एक्सल बाहेर ठोकला, साखळी उतरवली, चाक मोकळं केलं. हे सगळं हातांना पाठ आहे, डोळे मिटूनही होईल. चाक पोत्यावर आडवं ठेवलं. उजव्या बाजूला ब्रेकचा ड्रम, डाव्या बाजूला साखळीचं दातेरी चाक. दोन्ही बाजूंना एकेक बेअरिंग, म्हणजे एकात एक दोन कड्या आणि त्यांच्यात गोळ्या, आणि दोन बेअरिंगांच्या मधे एक लोखंडी नळी. ही नळी दोन्ही बेअरिंगांना एकमेकांपासून अंतरावर धरते. नवशिके नळी घालायची विसरतात, मग नट आवळला की दोन्ही बेअरिंगं एकमेकांकडं ओढली जातात आणि थोड्याच दिवसांत मरतात. मी ती कधी विसरलो नाही. अशा गोष्टी मी विसरत नाही.

पाणी उकळून आणलं, जुनं फडकं भिजवून गड्ड्याभोवती गुंडाळलं. डाव्या बाजूनं सळई आत घातली, स्क्रू ड्रायव्हरनं मधली नळी जराशी बाजूला सरकवली, म्हणजे पलीकडच्या बेअरिंगच्या आतल्या कडीची धार सळईला सापडते. एक टोला, मग सळई फिरवून समोरच्या बाजूला एक टोला, मग इकडं, मग तिकडं. एकाच बाजूनं मारलं तर बेअरिंग तिरपं होऊन अडकतं. चारी बाजूंनी समजावत बाहेर आणावं लागतं. शेजारच्या रेणुकाबाई भिंतीवरून बघत होत्या. म्हणाल्या, "आप्पा, गाडी देणार म्हणलाव ना? मग कशाला खोलायलाव?" मी म्हणालो, "देताना नीट करून द्यावी." त्या म्हणाल्या, "सासरी धाडायलाव जणू." आणि आत गेल्या. उजवं बेअरिंग खाली पोत्यावर पडलं, त्याच्या मागोमाग नळीही निसटून आली.

बेअरिंग पुसलं, त्याचं रबरी झाकण टोकदार सुईनं उचकटून काढलं, पेट्रोलमध्ये धुतलं. बोट घालून आतली कडी फिरवली. अडकली. फिरवली की एका जागी अडकायची, सोडली की पुढं सरकायची. खरं होतं तर. मी बेअरिंग उन्हात धरलं, डोळे बारीक करून आतल्या वाटेकडं बघितलं. गोळ्या जिथून धावतात तिथं ठिपके होते, एकसारख्या अंतरावर. मी बराच वेळ बघत राहिलो, आणि मग मला कळलं की हे ठिपके माझ्या हातोड्याचेही असू शकतात. आतल्या कडीवर टोला बसला की तो गोळ्यांमधून बाहेरच्या कडीपर्यंत जातो, आणि प्रत्येक गोळी आपल्या जागी खड्डा पाडते. म्हणूनच ठोकून काढलेलं बेअरिंग पुन्हा बसवत नाहीत. हे मला इतकी वर्षं ठाऊक आहे. काल दुकानात काय चुकलं होतं ते आता कळलं. जुनं फेकूनच द्यायचंय असं मी म्हणालो होतो. फेकायचं नव्हतं. ते जसं होतं तसं मला बघायचं होतं. पुलर आणला असता तर ते तसंच हातात आलं असतं. आता ते हातात होतं आणि त्यातलं तिनं ऐकलेलं किती आणि मी मारलेलं किती हे सांगता येत नव्हतं.

मी तसाच पोत्यावर बसून राहिलो. ऊन सरकत पायावर आलं. डावं बेअरिंग अजून आत होतं. नळी निघालेली, त्यामुळं आता ते काढणं सोपं होतं, उजवीकडून सरळ सळई घातली की झालं. सळई घातलीही. हातोडा उचलला. आणि मला आमच्या स्मशानातली दुपार आठवली, आठवायचं काही कारण नव्हतं. आमच्यात, लिंगायतांत, जाळत नाहीत. माणसाला खड्ड्यात मांडी घालून बसवतात, इष्टलिंग हातात देतात, विभूती घालतात, मग माती. महेश्वरीला बसवलं तेव्हा जंगमांनी सांगितलं, मान सरळ करा. भावकीतल्या दोघांनी तिची मान धरून सरळ केली. मी काठावर उभा होतो आणि माझ्या मनात आलं की हिला मी असं समोर तोंड करून सरळ बसलेलं किती कमी पाहिलंय. स्वयंपाक करताना ती ओट्याकडं तोंड करून, दुकानात डब्यांकडं. आणि गाडीवर नेहमी एका अंगाला, दोन्ही पाय डाव्या बाजूला, एक हात सीटच्या दांड्याला, एक माझ्या खांद्यावर. लुगड्याच्या बाईला दुसरं कसं बसता येणार. हातोडा हातात तसाच राहिला.

बन्सीधर एकटा चालवून आला होता. मी एकटा चालवायचो. धनश्री बसली तरी ड्रेस घालून दोन बाजूला पाय टाकून बसायची, वजन मधोमध. मित्र, गिऱ्हाईक, भाऊबंद, जो कुणी मागं बसला तो पुरुषासारखा बसला. महेश्वरीचं सगळं वजन डाव्या अंगाला. आणि काल अक्काचं. तिचं तोंड डावीकडं, कान त्या चाकाच्या वर, माझ्या कानांवर वारा. चाक हवेत फिरवून ते बोलत नव्हतं. ते एका बाजूनं दाबलं गेलं तरच बोलत होतं, आणि जिच्या वजनानं बोलत होतं तिलाच ऐकू येत होतं. एवढ्या साध्या गोष्टीला मी तिच्यासमोर हसलो होतो आणि चार माणसांना हसवलं होतं.

मी सळई बाहेर काढली. डाव्या बेअरिंगला हात लावला नाही.

नळी परत घातली. फडकं पुन्हा उकळत्या पाण्यात भिजवून उजव्या बाजूला ठेवलं, फ्रीजरमधून एकच नवं बेअरिंग काढून आणलं. गारठ्यानं ते बोटांना चिकटत होतं. गड्ड्याच्या तोंडावर सरळ ठेवलं, त्याच्यावर जुनं ठेवलं, म्हणजे मार फक्त बाहेरच्या कडीवर बसतो, आणि वरून हलक्या हातानं ठोकलं. आवाज बदलला की बसलं समजायचं. ते बसलं. दुसरं नवं बेअरिंग तुरीच्या डब्याशेजारी तसंच राहिलं.

चाक चढवत होतो तेव्हा रुद्रेश आला. झरीला खतांच्या दुकानात काम करतो, तिशीचा गडी, अंगानं भरलेला. आल्या आल्या त्यानं खाली बसून साखळी धरली. "काका, आई म्हनली मागं आवाज यायलाय. म्हणलं आधी बघावं अन् मग न्यावी."

"एक बदललंय. एक राहिलंय," मी म्हणालो.

"अन् ते का ठेवलाव?"

"ते पुलरनं काढून घे. ठोकू नको."

तो हसला. "तुमी, अन् पुलर?"

मी नट आवळला, ब्रेकचा रॉड लावला, हात पुसले. रुद्रेशनं किल्ली घेतली, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला. गाडी उभी करून म्हणाला, "एकदम मख्खन. आईला काय, बसमध्येबी आवाज येतो." शब्द तेच. हेही शब्द असतातच कुणाच्या ना कुणाच्या तोंडात, बाईला दुसरं काही ऐकू आलं की बाहेर येतात. रुद्रेशचं काही चुकलं नव्हतं. तो एकटा जाऊन आला होता.

"उतरू नको," मी म्हणालो. "मी मागं बसतो. गंगाखेड रोडला चल जरा."

मी डाव्या बाजूला गेलो, पाठ सीटला लावली, आणि हातांवर जोर देऊन वर सरकलो. दोन्ही पाय डावीकडं. साखळीच्या बाजूला जाळी आहे, तिच्याखाली एक छोटी पट्टी, त्यावर पाय टेकले. ती पट्टी मीच लावून घेतली होती गाडी घेताना, महेश्वरीसाठी, आणि स्वतः कधी तिच्यावर पाय ठेवून बघितलं नव्हतं. टाचा अधांतरी राहतात.

रुद्रेशनं मान वळवली. "आवो काका. असं बायावाणी का बसायलाव?"

"गुडघा दुखतोय. चल."

रेणुकाबाई दारात आल्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला. "आप्पा, पदर संभाळा हो, चाकात जाईल." मग माझ्याकडं बघून त्या थांबल्या. पदर तोंडावरून काढला आणि उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

गाडी निघाली. गल्लीतून बाहेर पडेपर्यंत मी दांडा दोन्ही हातांनी धरून होतो. समोरचं काही दिसत नाही. खड्डा येतोय हे चालवणाऱ्याला कळतं, त्याचं अंग तयार होतं. मागच्याला खड्डा आल्यावर कळतो. मी तिला म्हणायचो, नीट धरून बसता येत नाही का. बाजारातली माणसं माझ्याकडं बघत होती. एक जण ओळखीचा होता, त्यानं नमस्कार करायला हात उचलला आणि मधेच खाली घेतला. मला लाज वाटली, मग गेली. शहर संपलं, डावीकडं सोयाबीनची पिवळी पडलेली रानं सुरू झाली, मधे मधे कापूस. सोनपेठला जाताना तिनं ही रानं बघितली असणार आणि परत येताना रस्त्याच्या पलीकडची. समोरचा रस्ता तिनं बघितला नाही. मी पुढून सांगायचो, तो बघ, पूल आला, आणि ती हो म्हणायची. तिला फक्त माझी पाठ आणि डावी बाजू. मी उजवा हात उचलून रुद्रेशच्या खांद्यावर ठेवला. घामानं शर्ट ओला होता. माझाही असायचा.

एका वळणावर गाडी जराशी कलली आणि ते सुरू झालं.

मोठं नव्हतं. कानाला येण्याआधी ते मांडीला आलं, सीटमधून. मग कानाला. खोल, घोगरं, एकसारखं नाही. थोडं येई, थांबे, पुन्हा येई, जसं जात्यात एखादा दाणा अजून उरलेला असावा आणि तो सरकला की दगड दगडाला लागावा. मी श्वास धरून ऐकलं. खरंच बोलल्यासारखं होतं. कुणीतरी दुसऱ्या खोलीत, दाराआड, हळू आवाजात काही सांगत असावं आणि शब्द कळू नयेत, पण थांबत नसावं. किती वर्षं ते असंच आलं असेल. सोनपेठपर्यंत आणि सोनपेठहून. ती त्याच्यावर बसून यायची, आणि पुढं मी, कानात वारा घेऊन, पावसापाण्याचं, उधारीचं, तिच्या भावाचं, काही ना काही बोलत.

"रुद्रेश," मी मोठ्यानं म्हणालो, "मागं काहीतरी बोलायलंय."

"काय?"

"मागं. चाकात. बोलायलंय."

त्यानं मान थोडी वाकडी करून ऐकल्यासारखं केलं. वेगात वारा त्याच्या कानांवर भरलेला होता, ते मला मागून दिसत होतं. त्याचे केस सगळे मागं गेले होते. "मला तर काहीच येईना," तो म्हणाला. "काका, तुमाला भास व्हायलाय." त्याच्या आवाजात माझ्याबद्दल माया होती. माझ्या आवाजात तेव्हा तेवढीही नव्हती.

खांद्यावरचा हात तसाच ठेवला. एक नाला आला, रस्ता उतरला, पुन्हा चढला, चढावर रुद्रेशनं गिअर बदलला आणि सगळं वजन मागं आलं. आता ते अगदी स्पष्ट येत होतं, कमरेत, पाठीच्या कण्यात, दातांत. पुढून रुद्रेशनं विचारलं, "आता येतंय का?"

"न्हाई," मी म्हणालो.